अप्पा, लघवीचं बोलली म्हणून

अप्पा, तुम्ही मेलात तेव्हा मी रडली नाही. लोक बोलले, पोरगी घाबरलीय. घाबरली नव्हती. उलट त्या दिवशी पहिल्यांदा घरात पाय पसरून झोपली.

आता मी एका दवाखान्यात कामाला आहे. माझी पोरगी दीड वर्षाची, तिला आईकडे ठेवून जाते. तिथल्या मॅडमने पुरुषांच्या प्रोस्टेटचे प्रश्न मराठीत केलेत. लघवीला जोर लावावा लागतो का, थांबून थांबून होते का, झोपेतून उठावं लागतं का. हे प्रश्न आपल्या माणसांना बरोबर कळतात का, त्यांची उत्तरं आत डॉक्टर करतात त्या तपासणीशी जुळतात का, ते बघायचं चाललंय. म्हणून तीच माणसं थोड्या दिवसांनी परत बोलवतात आणि तेच परत विचारतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते. माझं वाचन चौथीपर्यंतचं, तुम्ही तेवढंच ठेवलंत. मॅडमने बजावलंय, समजवायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, माणूस बोलेल तिथेच खूण करायची. नाहीतर सगळं फुकट.

तुम्हाला पण डॉक्टरने हेच विचारलं होतं. मनवेलपाड्याचा तो छोटा दवाखाना, तुम्हाला ताप, मी बाजूला स्टुलावर. तुम्ही बोलता, लघवी एकदम साफ. मला वाटतं अप्पा विसरले. मी सांगते, अप्पा मोरीत नुसते उभे राहतात, आई बाहेर नळ सोडून ठेवते, पाण्याचा आवाज आला की मग होते. तुम्ही तिथेच माझ्या कानाखाली वाजवलीत. डॉक्टर हसला. घरी येऊन आईला बोललात, शाळेत जाऊन हिला जीभ फुटली, उद्यापासून बंद. सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यात दिवसभर पाणी प्यायचा नाहीत, सारखं जावं लागेल म्हणून, आणि घरी येऊन राग आमच्यावर. मग किडन्या गेल्या. आई अजून फोटोला हार घालते. मी त्यावरची धूळ पण पुसत नाही.

मागच्या महिन्यात सांडोरचा एक म्हातारा आला, केळीच्या वाडीवाला, सोबत सून. हे बायकांनी विचारायचं असतं का, बोलला. मग प्रत्येक प्रश्नाला "कधीच नाही". आणि बसल्या जागी चुळबुळ, मधेच उठून बाथरूममध्ये. मी मुकाट खुणा केल्या. खरं सांगू, मजा आली. मनात बोलली, बोल खोटं, तू पण मर.

परवा तो परत आला. पोट फुगलेलं, कपाळावर घाम. मी वाचायला घेतलं.

"कधीच नाही."

सून हळूच बोलली, "बाबा, कालपासून तर थेंब पण..."

त्याने हात उचलला. मारला नाही, नुसता उचलला. तिची मान खाली गेली.

मी उभी राहिली आणि सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "कालपासून तुम्हाला मुतायला झालेलं नाही. मारायचंय तर मला मारा. मग घरी जाऊन मरा."

त्याने हात खाली घेतला. मग सदऱ्यात तोंड घालून रडायला लागला. मला दया नाही आली, अजून बघावंसं वाटलं. त्याला आत नेलं, नळी घातली, पिशवी भरली. सून माझ्या बाजूला येऊन टेकली. बोलली, "घरात सगळे ह्यांना घाबरतात. कुत्रा पण." दोघी हसलो.

मॅडम चिडली. ह्याची उत्तरं आता मोजता येणार नाहीत, सोमवारी ये, तुझं काय करायचं ते बघू. नवऱ्याला अजून सांगितलं नाही. काम गेलं तर तो घरात ठेवणार नाही, मग पोरीला घेऊन कुठे जाऊ, सुचत नाही. बाकीच्या बाया बोलतात, तू म्हाताऱ्याचा जीव वाचवलास. बोलूदेत. मला त्याला चारचौघांत रडवायचं होतं, तुम्हाला रडवता आलं नाही म्हणून.

हे कुठे पाठवणार, फाडूनच टाकणार. नवरा रात्रपाळीला, घरात मी आणि पोरगी, ती झोपलीय. तरी लिहायला बसताना दाराला कडी लावली, अप्पा. तुम्ही याल असं वाटलं.