आज कोण वाढपी?

सोमवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा खोकला गेला का, भाऊजींना नव्या जागेतलं काम मानवलं का, ते कळव. फोनवर बाबांच्या नियमाचा विषय निघाला की नेमकं तुझं दूध उतू जातं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक दुरुस्ती. मी आईबाबांकडे जेवायला गेले तेव्हा भोपू सगळ्यांना हौसेने वाढत होती, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. तुझी मुलगी हौसेने वाढत नव्हती. सकाळी तिची गणितं चुकली होती, म्हणून वाढत होती. 'हौसेने' असं बाबा म्हणाले आणि मी ते न तपासता तुला कळवलं.

नियम तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. कागदावर तो कसा दिसतो ते बघ. ज्याचा अभ्यास चुकला त्याने हातात डाव घेऊन टेबलाशी उभं राहायचं, कुणाला काय हवं-नको ते बघायचं आणि सगळे उठल्यावर उरलेलं एकट्याने खायचं. मार नाही, आरडाओरडा नाही. खुर्ची ओढता ओढता बाबा विचारायचे, "आज कोण वाढपी?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. आमच्या घरात मुलांना कुणी बोटसुद्धा लावलं नाही, असं ते अजून पाहुण्यांना सांगतात. ते खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. मारलं असतं तर निदान कुणाला तरी सांगता आलं असतं.

तू म्हणशील, दोघीही उभ्या राहायचो. मी खूप आठवून पाहिलं, ताई. तू क्वचित आणि मी जवळजवळ रोज. कित्येक वर्षं, जेवण गरम असतं हे मला ऐकूनच माहीत होतं. आई भराभर जेवायची. मला वाटायचं, हिला भूक फार. ती माझ्यासाठी लवकर उठायची हे आत्ता कळतंय. पण नियम मोडायला तिने कधी तोंड उघडलं नाही, नुसते घास मोठे घेतले.

बाबांनी चांगलं काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही; तसं लिहिलं तर पुन्हा दुरुस्ती पाठवावी लागेल. दार इंच इंच उघडून त्यांनी मला कोन शिकवले. त्यांच्या नकाशांच्या टेबलाखाली बसून पेन्सिलींना टोक काढावं, वर त्यांची शीळ चालू असावी, यापेक्षा मोठं सुख मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि एकदा माझं सगळं बरोबर आलं. आठवतं? बाबांनी हातावर टॉवेल टाकला, कमरेत वाकले आणि म्हणाले, "बाईसाहेब, काय आणू?" स्वतः उभं राहून त्यांनी मला वाढलं. ही माझी लहानपणची सगळ्यात गोड आठवण आहे. आता वाटतं, उभं राहण्याने माझं जेवढं बिघडलं नाही तेवढं त्या एका संध्याकाळने बिघडवलं. तिच्याच आशेवर मी बाकीच्या सगळ्या संध्याकाळी निमूट उभी राहिले.

आज मी चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासते. एकेक भिंग पुन्हा पुन्हा यंत्राखाली धरते. मालक म्हणतात, "आटप, तोवर गिऱ्हाइकाचा नंबर वाढेल." दुपारी मागच्या खोलीत आम्ही तिघं डबे उघडतो आणि मी माझा हातात धरून कपाटाशी उभी राहते. मला ते कळतही नव्हतं. परवा भिंगं घासणाऱ्या काकूंनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "काय गं, आमचं आटपायची वाट बघतेस? कुणी सांगितलंय तुला?"

मी म्हणाले, मला भूक नाही. मग मोरीत जाऊन रडले.

आता जे मागच्या पत्रात गाळलं ते. त्या दिवशी भोपू पातेलं घेऊन माझ्याकडे आली. जिचं रडणं शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं म्हणून आपण जिला भोपू म्हटलं, ती पोर कुजबुजली, "मावशी, मी दोनदा तपासलं होतं. तरी चुकलं." बाबा म्हणाले, "तिसऱ्यांदा तपासायला कुणी बंदी केली होती?" सगळे हसले. आणि मी काय केलं? ताट पुढे केलं. वाढून घेतलं. गरम होतं. ताई, मला बसायला बरं वाटलं. कुणीतरी दुसरं उभं होतं म्हणून बरं वाटलं. सात वर्षांची मुलगी उभी होती.

तू म्हणतेस, आपल्याला शिस्त लागली, आपलं काय वाईट झालं? तुझं मला माहीत नाही. तुलाही ते आत्ता, या पत्राला उत्तर लिहिताना, कळेल. भोपूला आणखी दोन वर्षं आईबाबांकडेच ठेवायचं तुम्ही ठरवताय असं आई म्हणाली. त्याला माझा विरोध आहे. बाबा म्हातारे झालेत, प्रेमाने करतात, हे सगळं मला मान्य आहे. माझ्या वेळी ते म्हातारे नव्हते आणि तेव्हाही प्रेमानेच करत होते.

मी पुन्हा तिकडे जेवायला जाणार आहे. भोपूला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवणार, तिचं काय चुकलं ते न विचारता. आधी तिला वाढणार, मग मी घेणार. बाबांनी तिला उठवलं तर आम्ही दोघी उठू आणि ती माझ्या खोलीवर येईल. मग तू येऊन तिला घेऊन जा. तोवर दुकानातून रजा काढते. तिची आई तू आहेस, म्हणून आधी कळवते आहे. परवानगी मागत नाही. हे वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं, आता राहू देते.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

ता. क. दिवस लिहायचा राहिला. रविवार, १७ मार्च, दुपारचं जेवण.