जाड तेल

दि. ८ डिसेंबर

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुझ्या वहिनीची कंबर आता धरत नाही. गॅरेजचा पत्रा बदलला. तुझी गाडीही तयार आहे, पुसून ठेवली आहे. फोनवर एवढं सांगून भागलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते. म्हणून पत्र.

जावईबापूंकडून कळलं, तू बायकांना गाडी शिकवणं बंद केलंस. बसने जातेस, स्टिअरिंगला हातसुद्धा लावत नाहीस.

सर्व्हिसिंगच्या वेळी तू गाडीचं पुस्तक वाचून दाखवलं होतंस: झिरो-डब्ल्यू-वीस, अगदी पातळ तेल. मी हसलो होतो. 'हे तेल आहे की पाणी? पुस्तक लिहिणाऱ्यांनी कधी हात काळे केलेत का?' बाबांची शिकवण म्हणजे तेल दोन बोटांत धरून ताणायचं, तार तुटली की तेल फालतू. तुला तसं ताणून दाखवलं आणि वीस-पन्नासचं जाड तेल ओतलं. बाबांच्या वेळच्या झिजलेल्या इंजिनांना ते चालायचं. तुझ्या इंजिनातल्या वाटा बारीक. गारठ्यात ते घट्ट तेल वर पोचेपर्यंत वरचे भाग कोरडेच घासत राहिले.

शेवटी चढावर गाडी बंद पडली आणि शिकणारी पोरगी रडायला लागली. गाडी ओढून आणली तेव्हा तुझ्या सगळ्या शिकाऊ बायका जमल्या होत्या. बोनेट उघडायच्या आधीच मी तोंड उघडलं, 'शिकवणारीलाच गिअर कळत नाहीत, मग इंजिन बिचारं काय करणार!'

तू एवढंच म्हणालीस, 'असेल दादा. माझंच चुकलं असेल.'

दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं आणि सगळं कळलं. तरी गप्प बसलो. तू स्वतःहून दोष घेतलास ते मला सोयीचं वाटलं. आपलं ठेवायचं झाकून, दुसरं काय! लिहिताना लाज वाटते, धाकटे, फार लाज वाटते.

काल त्या बायकांच्या घरोघर जाऊन खरं सांगून आलो. त्या पोरीने दारातच विचारलं, 'काका, बाई काय म्हणाल्या मग?' मी म्हटलं, 'तिला अजून सांगितलं नाही.' मी जिना उतरून खाली आलो.

परक्यांपुढे मान खाली घालणं जमलं, तुझ्यापुढे नाही. म्हणून आता सरळ लिहितो. तुझं काहीही चुकलं नव्हतं. गाडी तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस, आणि हे मला आज कळलेलं नाही.

किल्ली जावईबापूंच्या हाती देणार नाही. तू स्वतः ये आणि चालवत घेऊन जा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुला तोंड दाखवायला कचरणारा,
दादा