कुलूपबंद पावरी

धडगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय नवनीत,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. मी बरी आहे. शाळा सुरू आहे, थंडीने पोरांची नाकं गळताहेत. शहाद्याला सगळे मजेत असतील.

आमच्या पावरी बोलीच्या शब्दांचं तुझं अ‍ॅप आमच्या भागातल्या शाळांनी विकत घेतलं. नेट नसतानाही चालतं, छान केलंस. पण आमच्या भीमसिंग सरांना त्यात मोहाच्या फुलाच्या आणि फळाच्या शब्दांची अदलाबदल झालेली दिसली. पोरं चुकीचं शिकताहेत. दुरुस्त करायला मी कोड मागितला, तर म्हणालास, "हाई मन्हं शे, मी काबर देऊ?"

अरे, तुझं कसं? ते मी आधी केलेल्या अ‍ॅपवर उभं केलंयस, आणि माझं एका अनोळखी माणसाच्या प्रोग्रॅमवर. त्याने लायसन्समध्ये साफ लिहिलंय: घ्या, बदला, विकासुद्धा, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा कोडही याच अटींवर द्या. अर्धं नवं तू लिहिलंस, मान्य. पण जुन्यात मिसळून लिहिलंस, म्हणून सगळ्यालाच ती अट लागू. आमच्याकडे लाह असते, सगळा गाव मिळून एकेकाचं शेत निंदतो. स्वतःचं निंदून घेऊन दुसऱ्याच्या पाळीला घरी बसणाऱ्याला काय म्हणतात, ते माझी आई सांगेल तुला. मी लिहीत नाही.

काल तुझा मेसेज: "तू लिहून दे ना, मला कोड न देण्याची सूट आहे म्हणून." किती वेळा सांगू, ती माझ्या एकटीच्या हातात नाहीच! मूळ प्रोग्रॅम त्या माणसाचा आहे. डोकं फिरलंय माझं.

आणि अ‍ॅपमधलं ते 'माहिती'चं पान. तिथे त्याचं नाव होतं, माझं होतं. दोन्ही काढलीस. डोंगरातल्या पोरीचं नाव कोणाला दिसू नये म्हणून? घरीही तसंच ना? दोन वर्षं झाली, लग्नाचं "आता सांगतो, दिवाळीनंतर सांगतो" चाललंय. तुझ्या आईला मी अजून कॉलेजमधली कोणीतरीच आहे.

महिनाअखेरपर्यंत कोड दे आणि नावं परत टाक. नाहीतर मी मूळ लेखकाला कळवणार, शाळांनाही. घरी सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. त्यासाठी आता मी मागे लागणार नाही.

खरा राग कशाचा येतो, माहीत आहे? सूट माझ्या हातात असती, तर मी दिली असती.

तुझी (खोडणार होते, राहू दे),
सुनिता