कानाच्या मुळाशी हात

माय, माझ्या गोठ्यात आता अकरा गाई आहेत आणि अकराही जणींच्या गळ्यात निळा पट्टा आहे. पट्ट्याला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी अडकवलेली असते. गाय किती वेळ रवंथ करते, किती चालते, अंगात ताप आहे का, माजावर आली का, हे सगळं त्या डबीला कळतं आणि ती ते सुनेच्या मोबाईलवर पाठवते. सून भाजी चिरता चिरता सांगते, "आत्याबाई, चार नंबरचं रवंथ आज चांगलं हाय." तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. गाय समोर असताना मोबाईलकडं बघायचं ते कावून, असं विचारलं असतंस. मीही पहिले दोन महिने हसतच होते. पण पट्टे घ्यायचा विषय घरात निघाला तेव्हा सगळ्यांत आधी हो म्हणणारी मीच होते. मुलाला त्याचं फार नवल वाटलं, कारण साधा मिक्सर घ्यायचा म्हटला तरी मी वर्षभर मोडता घालते. मी हो का म्हणाले, ते घरात कुणाला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुझ्याकडे डबी नव्हती, तुझा उजवा तळहात होता. सकाळी धार काढण्याआधी तू दावणीच्या एका टोकापासून सुरुवात करायचीस. कानाच्या मुळाशी हात लावायचा, मग डाव्या कुशीत हात दाबून उभं राहायचं, पोट हलल्याचं हाताला कळेपर्यंत. मग पुढचं जनावर. मधलं एकही सुटायचं नाही, मारकी म्हैससुद्धा नाही. तेवढं झालं की तू चुलीपाशी यायचीस आणि त्याच हातानं आमची कपाळं बघायचीस. हाताला शेणाचा, कडब्याचा वास असायचा आणि मला तो अजिबात आवडायचा नाही. एकदा मी तो हात झटकला आणि म्हणाले, आधी जनावरं आणि मग आमी, असं कावून? तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तुला दुखलं तर तू गाव गोळा करतीस. त्यायला सांगता येतं का?" मी फुरंगटून कोपऱ्यात बसले होते, पण ते बोलणं माझ्या मनातून कधी गेलं नाही. लग्नानंतर सासरच्या गोठ्यात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा कामाला आलं ते तेवढंच. पाटोद्याच्या बाजारात गाय घ्यायची झाली तर आजही आजूबाजूची माणसं मला पुढं घालून नेतात, आणि मी काय करते, तर कानाच्या मुळाशी हात लावते. लोक म्हणतात, बाईला लई कळतं. ते सगळं तुझं आहे.

आता तुला माहीत नाही ते. मी सातवीत होते. मामाच्या घरी बारसं होतं म्हणून तू दोन रात्रींसाठी घाटनांदूरला निघालीस. कितीतरी वर्षांनी माहेरी राहायला मिळत होतं, तुझा चेहरा मला अजून दिसतो. निघताना तू बाकी काही सांगितलं नाहीस, फक्त म्हणालीस, "रोज सकाळी सगळ्यायला हात लाव. एक बी सोडू नको." पहिल्या दिवशी मी लावला. दुसऱ्या दिवशी शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता, मी वेण्या घालत बसले आणि गोठ्यात पाऊलही टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लाल गाय पडलेली होती. तू दुपारी आलीस, पिशवी ओट्यावर टाकून तशीच गोठ्यात गेलीस. गाईचे कान गार होते. दिवस मावळायच्या आत ती गेली. तू मला एवढंच विचारलंस, "काल हात लावलता का गं सगळ्यायला?" मी म्हणाले, लावलता. वडील माझ्या अंगावर धावून आले तर तू मध्ये उभी राहिलीस. "लेकरानं हात लावलता. ती खोटं बोलत न्हाई. माझंच चुकलं, मी जायलाच नको व्हतं."

मी खोटं बोलले होते, माय. आणि त्यानंतर तू माहेरी एकही रात्र राहिली नाहीस. भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं जायचीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मामा राग धरायचे, मामी हाताला धरून बसवायची, तू म्हणायचीस, जनावरं हायत घरी. तुझी आई गेली तेव्हाही तू तिथं रात्रीची नव्हतीस. हे सगळं माझ्या एका शब्दापायी झालं आणि तू असेपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही.

म्हणून पट्टे. मुलाला वाटलं मला दूध वाढवायचं आहे. मला एवढंच हवं होतं की सुनेला माजलगावला माहेरी जाता यावं आणि गाईंची काळजी कुणाच्या शब्दावर सोडावी लागू नये. पट्टा वेण्या घालत बसत नाही. आणि सून जाते, माय, चार-चार दिवस राहते, तिथून मोबाईलमध्ये गाई बघते. ती जाते त्या दिवशी मला फार बरं वाटतं.

यंदाच्या पोळ्याची गोष्ट सांगते. आमच्याकडे आता बैल नाही, म्हणून आम्ही गाईच धुतो, शिंगं रंगवतो, त्यांनाच पुरणपोळी चारतो. धुण्यासाठी पट्टे काढून सुनेनं बादलीत ठेवले आणि ती पुरण वाटायला गेली. परत बांधले मी. नंबर बारीक, चष्मा घरात, आणि पूजेची घाई. शिवाय कबरी माझी लाडकी, तिला मी पोळ्याही जास्त चारल्या आणि वर भरडलेल्या धान्याची अख्खी पाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी सून माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "आत्याबाई, तांबडीचं रवंथ लई घटलंय. डॉक्टरला बोलवा, तवर तिला औषध पाजा." मी डॉक्टरला फोन केला, बाटली घेऊन तांबडीपाशी गेले. तांबडी खुशाल कडबा खात होती. कान गरम, कूस हाताखाली गुरगुरतेय. मनात म्हटलं, बंद पडली ही डबी, आणि परत फिरणार होते. पण हात लावायला एकदा सुरुवात केली की मधलं जनावर सोडायचं नाही, ही तुझी सवय. तांबडीनंतर पुढची, मग त्यापुढची. चौथी कबरी. ती उभी होती, पण कान गार, आणि डाव्या कुशीत काहीच हालचाल नाही. तिच्या गळ्यातला पट्टा डोळ्यांजवळ धरून बघितला. नंबर तांबडीचा होता.

डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावलं. म्हणाले, दुपारपर्यंत कळलं नसतं तर खाली बसली असती, मग उठली नसती. डबीनं हाक मारली नसती तर मी त्या सकाळी पारोशी गोठ्यात धावले नसते, आणि तुझा हात माझ्या हातात नसता तर मी धडधाकट गाईला औषध पाजून चहाला गेले असते. दोघांचे उपकार आहेत. तुझे जास्त, कारण डबी विकत मिळते.

सुनेला फोन करून सगळं सांगितलं, तर ती तिकडे रडायला लागली. "मी आत्ताच्या गाडीनं निघते. मी यायलाच नको व्हतं." माय, हेच शब्द. मी गव्हाणीच्या कडेला टेकले. म्हटलं, चूक तुझी न्हाई, पट्टे मी बदलले, पोळ्या मी चारल्या. तिनं विचारलं, "बाकीच्या गाई? सगळ्यायला हात लावला का?" मी म्हणाले, "लावला. तू राहा. ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त राहा." ती राहिली.

हा कागद जनावरांच्या लसीकरणाच्या कागदांच्या डब्यात ठेवणार आहे, तिथं माझ्याशिवाय कुणी बघत नाही. एकच सांगायचं राहिलं. कबरी सापडल्यावर मी पुढं गेलेच नव्हते, सात गाई राहिल्या होत्या, आणि तरी सुनेला "लावला" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि उरलेल्या सातही गाईंना हात लावून आले.