डाव्या हातात पंख धरून

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या सेवेशी,

भाचेसुनेचा एका हाताने नमस्कार. दुसराही जोडला असता, पण तो बराच वेळ एका विमानाच्या पंखाला जोडलेला आहे. बाबा (म्हणजे माझे सासरे, म्हणजे तुमचे धाकटे बंधुराज) गोंद लावून, "सुकेपर्यंत धर, हलू नकोस," असं बजावून आंघोळीला गेले, आणि त्यांची आंघोळ किती चालते हे तुम्ही लहानपणापासून जाणताच. उजवा हात रिकामा होता, म्हटलं तेवढ्यात पत्र लिहून काढावं. अक्षर वाकडंतिकडं आलं तर कागद धरायला कोणी नाही म्हणून आलं आहे, माझ्या माहेराला बोल लावू नये.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की डॉक्टरांनाच चार व्यायाम शिकवून आलात? इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. जेवणाचं टेबल सोडलं तर ते खरंही आहे. टेबलावर वर्षभर विमान आहे. आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतो. तुमचा भाचा तर आता ऑफिसातही डबा उभ्यानेच खातो म्हणे, शेजारी खुर्ची रिकामी असली तरी.

विमान कुठलं ते सांगायला नकोच. तेच तुमचं, पिवळं, दुपंखी, नवशिक्यांना शिकवायचं. ज्याच्यात बसवून तुम्ही ऐन पंचविशीत फ्लाइंग क्लबातल्या अर्ध्या लोकांना उडायला शिकवलंत, आणि सख्ख्या भावाला एका फेरीतच हात टेकून खाली उतरवलंत. एकामागे एक दोन उघड्या बैठका, आणि पुढच्याने ओरडलेलं मागच्याच्या कानात जावं म्हणून मधे एक रबरी नळी. गेल्या वर्षी ह्याच टेबलावर जेवताना बाबा म्हणाले, त्या दिवशी मी पुढे बसलो होतो. तुम्ही म्हणालात, पुढे मास्तर बसतो, शिकणारा मागे. ते म्हणाले, माझ्यापुढे गरगरणाऱ्या पंख्याशिवाय काहीच नव्हतं, मला चांगलं आठवतंय. तुम्ही म्हणालात, पुढे बसला असतास तर तू विद्यार्थी नव्हतास, सामान होतास. झालं! तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. (लोकांच्या घरी बहीणभाऊ जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आमच्याकडे खुर्चीवरून, आणि तीही पन्नास वर्षांपूर्वी भंगारात गेलेली.) तेव्हापासून तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत, आणि फोनवर तुमचं नाव दिसलं की बाबा फोन सासूबाईंच्या हातात असा देतात, जसा काही तापलेला तवा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की ते विमान मी तंतोतंत करीन, मूळच्या एक-अष्टमांश, आणि कोण कुठे बसलं होतं ते दाखवूनच देईन. आत्याबाई, ज्या माणसाने नोकरीभर वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, त्याने "तंतोतंत" म्हटलं की घरच्यांनी सामान बांधून माहेर गाठावं. मी गाठलं नाही, ही माझी चूक. पहिल्यांदा चहाची गाळणी गेली. ती इंजिनापुढे जाळी होऊन बसली आहे आणि आम्ही चोथ्यासकट चहा पितो. मग माझी रेशमी ओढणी गेली, कारण पंखावर ताणायला तेवढं बारीक विणीचं कापड बाजारात नव्हतं. (बाजारात ते गेलेच नव्हते, हे मला नंतर कळलं.) छत्रीच्या काड्या खालच्या-वरच्या पंखांमधले टेकू झाल्या. पुढे शाईच्या टिपक्याएवढ्या घड्याळांत काटे बसवायची वेळ आली, तेव्हा पांढरं, सरळ आणि बारीक असं घरात एकच काही होतं. सासूबाईंनी डोकं पुढे केलं आणि म्हणाल्या, "घ्या. पिकवलेत तुम्हीच, आता तोडाही तुम्हीच."

एकदा मी पाहिलं, तर बाबा भिंग लावून विमानातल्या खुर्चीच्या खालच्या अंगाला खिळे ठोकत होते. खिळे कसले, नुसती धूळच. मी म्हटलं, बाबा, ही खुर्ची उलटी करून बघणार कोण? ते मान वर न करता म्हणाले, "ताई बघेल. ती पहिल्यांदा तेच बघेल." मग एकदम भानावर आल्यासारखे खाकरले आणि मला म्हणाले, तुला स्वयंपाकघरात काही काम नाही का. मी म्हटलं, स्वयंपाकघरातलं सगळं सामान तर तुमच्या विमानात आहे.

विमान एकदा उडालंही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पंखांच्या तारा वाऱ्यात खऱ्यासारख्या गुणगुणतात का, हे ऐकायचं म्हणून त्यांनी उभा पंखा आणून पुढ्यात ठेवला आणि बटण थेट पाचावर नेलं. विमान उठलं ते टेबलाची हद्द ओलांडून, खुर्च्यांवरून, वर्तमानपत्र वाचणाऱ्या तुमच्या भाच्याच्या डोक्यावरून गेलं आणि सासूबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकून लोंबकळलं. एक चाक तेवढं निखळलं. सासूबाई चादर सोडवता सोडवता म्हणाल्या, ह्या घराण्याचं असंच आहे, वर जायला वेळ लागत नाही, खाली यायचं मात्र कोणाला जमत नाही. हे त्या विमानाबद्दल बोलल्या की कोणा माणसाबद्दल, ते मी विचारलं नाही. मला अजून ह्याच घरात राहायचं आहे.

आता मुख्य गोष्ट. बाबांची त्या सुट्या पट्ट्याची कथा तुम्ही शंभरदा ऐकली आहे. विमान वर गेल्यापासून खाली येईपर्यंत कुठलासा चामड्याचा पट्टा सुटून त्यांच्या तोंडावर सपासप बसत होता, म्हणून त्यांनी उतरल्याउतरल्या क्लबाकडे लेखी तक्रार केली, आणि ज्या विमानाचे पट्टे जागेवर नाहीत त्यात आपण पाय ठेवणार नाही, असं म्हणून उडणं कायमचं सोडलं. तर तो पट्टा त्यांना सापडेना. जुने आराखडे मागवले, भिंग घेऊन एकेक रेघ तपासली. विमानातला प्रत्येक पट्टा, प्रत्येक बक्कल त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, पण पुढे बसलेल्या माणसाच्या तोंडावर बसेल असं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. ते बेचैन झाले. माझ्याकडे असे बघायचे, जसा काही तो पट्टा मीच चहात टाकला असेन.

आणि मागच्या रविवारी मी न्हाऊन, ओल्या केसांची वेणी घालून त्या पंख्यासमोर स्टुलावर बसले. मागे बाबा चाकाला रंग देत होते. मला काही कळायच्या आत माझी वेणी उडाली आणि सपकन त्यांच्या तोंडावर बसली. मी घाबरून उठले. बाबा मात्र हलले नाहीत. गालावर हात ठेवून म्हणाले, "बस. परत बस." मी बसले, परत सपकन. मग त्यांनी आपली खुर्ची माझ्या पुढे आणली आणि बराच वेळ पंख्याकडे तोंड करून बसले. तिथे अर्थात काहीच लागलं नाही. मग खुर्ची उचलून पुन्हा मागे आले, चष्मा काढला आणि वेणीच्या अजून दोन चपराका खाल्ल्या. (तुमच्या वेळच्या चामडी टोपीत तुमची वेणी मावत नसे आणि बाहेर लोंबत असे, हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्या तिथे दारातच उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.) त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, भूक नाही, आणि ह्या घरात बसायला जागा तरी कुठे आहे.

पुढच्या महिन्यात तुम्ही लेकीकडे जाणार, आणि कायमच्या जाणार, हे त्यांना फोन पुढे करता करता ऐकू आलं आहे. तेव्हापासून काम भराभर चाललं आहे. पूर्वी एका खिळ्याला जेवढा वेळ लावत तेवढ्यात आता अख्खा पंख बसतो आहे, म्हणून तर मला इथे असं धरून उभं केलं आहे. मला त्यांची काळजी वाटते, आत्याबाई. माणूस हट्टी आहे, पण एवढं गप्प मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

गैरसमज नसावा, हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही. ताईला कोणी आमंत्रण धाडायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे, आणि मी मोठ्यांचा शब्द मोडत नाही. फक्त खुशाली कळवते आहे. गुडघ्याला जपा.

तुमची,
भाचेसून

ता. क. गोंद सुकला आहे. माझा अंगठाही त्यात सुकला आहे. बाबा बाहेर येऊन म्हणाले, जोड उत्तम झाला, आणि अंगठा सोडवायला पातेलंभर गरम पाणी आणायला गेले आहेत.

ता. क. दुसरा. विमानाला चिकटून उभं राहावं लागल्यामुळे मागच्या रविवारनंतर आज पहिल्यांदा आत डोकावले. आतमध्ये दोन बोटभर माणसं बसवली आहेत. पुढच्याला गेल्या आठवड्यापर्यंत मिशी होती, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. आता मिशी खरवडलेली आहे आणि पाठीवर काळ्या रेशमाची वेणी आहे. तोंड नळीला लावलेलं आणि चांगलं उघडं आहे, ओरडतानाचं. मिशी मागच्याला आली आहे. मागच्याचे हात विमान वळवायच्या दांड्यावर नाहीत, दोन्ही बाजूंचे काठ गच्च धरून आहेत, आणि डोळे घट्ट मिटलेले आहेत. मी विचारलं, बाबा, डोळे मिटलेल्याला पुढे पंखा कसा दिसला? ते म्हणाले, पाणी फार गरम नाही ना?

ता. क. तिसरा. पत्र पकडलं गेलं आहे. बाबांनी सगळं वाचलं, "चोथ्यासकट" हा शब्द खोडायला सांगितला (मी खोडला नाही), आणि आपलं नाव न घालता पुढचं लिहायला लावलं. काळ्या रेशमाची वेणी अंदाजाने केली आहे आणि अंदाज त्यांना सहन होत नाही. तरी त्या वर्षीची तुमची वेणी नेमकी किती लांब होती ते हवं आहे. मी म्हटलं, फोन करून विचारते. तर म्हणाले, तोंडी सांगितलेलं माप आमच्या खात्यात कधीच धरत नव्हते, वस्तू तपासणीला समक्ष हजर करावी लागते. मी म्हटलं, बाबा, आता त्यांची वेणी पिकली असेल, आखूडही झाली असेल. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "उरली असेल तेवढी घेऊन ये म्हणावं. बाकीची माझ्या लक्षात आहे."