तांबडी पाटी

बाबा, तुमचा कॉम्प्युटर मागच्या आठवड्यात भंगारात द्यायला काढला. आईला त्या कोपऱ्यात पिठाचा डबा ठेवायचाय. आत तुमचं काही राहिलं असेल म्हणून आधी मंठ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. पडद्याच्या कडेला तुमची चिठ्ठी तेरा वर्षांनंतरही चिकटून आहे, फळ्यावर लिहायचात त्याच गोल अक्षरात: 'तांबडी पाटी आली की पुढे जायचे नाही.' वाक्य माझं. रिटायर झाल्यावर तुम्ही नवीनच शिकत होतात, समोर येईल त्याला 'हो' करत होतात. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपलीय, पुढे जाणं धोक्याचं, अशी तांबडी सूचना आली तरी खुशाल पुढे गेलात, आणि पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली मी शहाणी तुमच्यावर ओरडले. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस मान खाली घालून ऐकतो आणि उठून चिठ्ठी लिहितो. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग मला कॉलेजात नोकरी लागली. कॉलेजच्या वेबसाइटवर माझा फोटो आला, खाली आपलं आडनाव. ते बघायला तुम्ही बसलात आणि फोन केलात. "तुझी तांबडी पाटी आली बघ. तूच म्हणाल्तीस पुढं जाऊ नका म्हून. आता जाऊ का?" मी म्हणाले, मीटिंगमध्ये आहे, रविवारी सांगते. "बरं, कर काम. जल्दी न्हाई." रविवार उजाडायच्या आत तुम्ही आम्हाला सोडून गेलात. आई सांगते, त्या आठवड्यात रोज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसायचात, पाटी बघायचात आणि बंद करून उठायचात.

दुरुस्तीवाल्याने खोकं उघडलं. आतला घड्याळाचा सेल मेलेला. लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे पडायची, आणि तारीख चुकली की तो जुना ब्राउझर धडधाकट साइटलाही मुदतीबाहेरची ठरवायचा. "मॅडम, तारीख बराबर केली असती तरी उघडलं असतं," तो म्हणाला. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं, अशी मी मनाची समजूत घालते. पण नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी तुम्ही गेला असतात. माझ्या शब्दाबाहेर तुम्ही गेला नाहीत, याचंच फार वाईट वाटतं.

चिठ्ठी काढून या वहीत ठेवलीय, पत्रही इथेच राहील. एक मात्र आईलाही कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मीटिंग नव्हती, बाबा. मी कँटीनमध्ये चहा पीत होते, आणि फोन ठेवल्यावर तुमच्या तांबड्या पाटीची गंमत सांगून मैत्रिणींना हसवलं होतं.