इंजिनाशेजारची उष्णता

आप्पा,

ओट्यावर पावडर कालवलेलं पाणी मोठा जग भरून ठेवलंय आणि ते प्यायचं सोडून मी तुम्हाला लिहायला बसलेय. उद्या सकाळी पुण्याला माझ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आहे. त्यासाठी आज दुपारपासून हे पाणी ग्लास-ग्लास प्यायचं, पोट पार धुऊन निघेपर्यंत. तुमचे जावई बाहेरच्या खोलीतून विचारतात, "घेतलंस का?" मी "हो" म्हणते. एक घोटही घेतलेला नाही. उठते, झाकण काढते, वास घेते, परत येऊन बसते. बसवत नाही, उभंही राहवत नाही.

गेले कित्येक महिने मला शौचाला रक्त जातंय. कधी पोट गच्च धरतं, कधी नुसतं पळायला लावतं. मी काय केलं असेल सांगा? सुरण उकडून खाल्ला, ताक प्याले, तिखट बंद केलं. आपल्या घरात पोटाच्या प्रत्येक दुखण्याचं नाव एकच, उष्णता. तोंड आलं तरी उष्णता, जळजळलं तरी उष्णता, शौचाला खडा झाला तरी तीच. आणि तुमच्याबाबतीत तर शंकेला जागाच नव्हती. जुन्या एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या अगदी शेजारी असायचं. त्याच्या बॉनेटवर ठेवलेलं तुमच्या डब्यातलं कालवण दुपारपर्यंत गरम राहायचं. आई म्हणायची, "दिसभर भट्टीशेजारी बसत्यात, उष्णता न्हाई व्हनार तर काय?" मग तुमच्यासाठी सब्जा भिजायचा, गुलकंदाची बरणी यायची. तुम्ही सगळं निमूट खायचात. आता वाटतं, ते नाव तुम्हाला किती सोयीचं पडलं होतं!

भोरच्या स्टँडवरची ती दुपार आठवते का? मी शाळकरी पोर, तुमचा डबा घेऊन आलेय. गाडी फलाटाला लागलीय आणि तुम्ही सही करायला कंट्रोलरकडे गेलाय. मी ऐटीत तुमच्या सीटवर चढून बसते. सीटवर ती चुंबळ आहे. डोक्यावरच्या घागरीखाली ठेवतात तशीच, पण मोठी, आईने जुन्या तांबड्या लुगड्याची वळून दिलेली. ती घेतली की कमरेला बरं पडतं, असं तुम्ही सांगायचात. मला ती कळकट वाटते, म्हणून धुवायला न्यावी असं मनात येतं आणि मी ती पिशवीत कोंबते. तेवढ्यात तुम्ही येता. "ठेव ती खाली! हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय ना?" सगळा स्टँड वळून बघतो. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी रडत घरी गेले. संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी भेळ आणलीत आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिलात. चुंबळ तुम्ही कायम स्वतःच धुवायचात आणि दर वेळी तांबड्या लुगड्याचीच मागायचात. आई चिडवायची, "ह्यांना रंग लागतो बसायला पन!"

डॉक्टरांनी मला पहिल्यांदा विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा आजार होता का?" मला तुम्ही आठवलात. तुम्ही वाळत गेलात, मग पोट फुगलं, दवाखान्यात नेलं तोवर सगळं हातचं गेलं होतं. आम्ही सगळ्यांना इतकंच सांगत आलो, पोटाच्या दुखण्याने गेले. कसलं दुखणं, ते कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून मागच्या रविवारी मी राजगडाखालच्या पालीला गेले, तुमच्या कंडक्टरकाकांकडे. वेल्ह्यापुढच्या मुक्कामाच्या गाडीवर तुमची जोडी किती वर्षं होती! काका आता राजगडावर जाणाऱ्या पोरांना अंगणात ताक विकतात. मला बघून त्यांनी आधी ताकच दिलं. मी सरळ विचारलं, "काका, आप्पांना काय होत होतं?"

काकांनी ताकाच्या मडक्यावर झाकण ठेवलं. "रगत जायाचं, पोरी. लई वर्सं. मुक्कामाला पहाटं माळावरनं आला की त्वांड पांढरंफटक. मला शपथ घातली व्हती, घरी बोलायचं न्हाई."

"मग दवाखान्यात नेलं नाही कोणी?"

"म्याच नेलं की, वेल्ह्यात. आत डाक्टरीनबाई, नवीन पोरगी. ती म्हनली, कुशीवर व्हा, बोट घालून तपासते. तुजा बाप उठला, टोपी चढवली, म्हनला, बाई, गाडीची येळ झाली. आन भायेर. गाडीला लई येळ व्हता. मला म्हनला, माज्या पोरीएवडी हाय रं ती."

आप्पा, परतीच्या गाडीत मला तुमचा इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्या बाईने बघितलं असतं तर कदाचित तुम्ही आणखी जगला असता. माझ्याएवढ्या मुलीची लाज वाटली म्हणून तुम्ही माझ्यापासून, आईपासून निघून गेलात! घाटात ती गाडी तुम्ही एका हाताने वळवायचात, सगळी पंचक्रोशी तुमच्या भरवशावर बसायची, आणि एवढं साधं तुम्हाला झालं नाही. तुमच्याशी भांडायची माझी फार इच्छा आहे. ऐकायला तुम्ही नाही, हेच सहन होत नाही.

पुन्हा उठले होते. ग्लास भरून आणलाय, समोर ठेवलाय.

भांडायला तोंड कुठे आहे मला तरी? तुम्हाला सांगायचं राहिलंच. पुण्याचा तो डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा आहे. पहिल्या खेपेला त्याने हातमोजे घातले आणि म्हणाला, "मावशी, जरा आडव्या व्हा." मी पर्स उचलली. म्हटलं, "बस चुकेल माझी," आणि बाहेर पडले. भर दुपार होती, भोरच्या गाड्या संध्याकाळपर्यंत होत्या. तेव्हा मला पालीला काकांनी सांगितलेलं काहीच ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर मी परत त्याच्याकडे गेले. त्याने तपासलं, मी भिंतीकडे बघत राहिले. त्यातून ही उद्याची तपासणी ठरली. काय निघेल कोणास ठाऊक.

"घेतलंस का?" पुन्हा हाक आली. या वेळी "आता घेते" म्हणाले.

पहिला ग्लास संपला. लिंबाचं नुसतं नाव, बाकी सगळं खारट. हा कागद घडी करून चहाच्या डब्यामागे ठेवेन, पाठवायचा तरी कुठे? सगळ्यांना वाटतंय, मी उद्याच्या निकालाला घाबरलेय. घाबरलेय, आप्पा, पण खरं सांगू, उद्या त्या टेबलावर आडवं व्हायची लाजच जास्त वाटतेय. दुसरा ग्लास भरायला उठते.